प्रतिष्ठेचे गुण आणि श्रमाचे मोल

इंटरनेटवर चालणाऱ्या चर्चामंडळांत बोलणाऱ्याच्या नावापुढे त्याच्या प्रतिष्ठेचे गुण लिहिण्याची पद्धत रूढ झाली आहे. हजारो अनोळखी माणसे एकत्र आली की कोणाचे म्हणणे भरवशाचे हे ठरविण्यास काही साधन हवे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न असा आहे की, या साधनातून सत्ता कोणाच्या हाती जाते आणि लाभ कोणाच्या पदरी पडतो?

२००८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या प्रोग्रॅमर मंडळींच्या प्रश्नोत्तर-व्यासपीठाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथे उत्तरास एक अनुकूल मत पडले की ते देणाऱ्याच्या खात्यात १० गुण जमा होतात. गुण साठले की अधिकार वाढतात : २००० गुण झाले की दुसऱ्याचा मजकूर परस्पर दुरुस्त करता येतो, ३००० झाले की प्रश्न बंद करण्याच्या बाजूने मत देता येते. वरवर पाहता ही गुणवत्तेची कदर आहे. परंतु आरंभी आलेल्याने एखाद्या प्राथमिक प्रश्नास दिलेले चार ओळींचे उत्तर पुढे येणारा प्रत्येक नवशिका वाचतो आणि गुण वाढतच राहतात. उलट, मागाहून आलेल्याने अवघड प्रश्नावर केलेले कष्ट मोजक्यांनाच दिसतात. पहिल्याची मिळकत श्रमाची राहत नाही, ती मोक्याच्या जागेची होते. अर्थशास्त्रात अशा मिळकतीस खंड म्हणतात.

आणि हे गुण बाजारात वटत नाहीत. २०२१ साली ‘प्रोसस’ या कंपनीने हे व्यासपीठ १८० कोटी डॉलरना विकत घेतले. ज्यांच्या विनामोबदला उत्तरांनी त्यास ही किंमत आली, त्यांच्या खात्यात गुणच राहिले. २०२४ साली व्यासपीठाच्या चालकांनी ‘ओपनएआय’शी करार केला, तेव्हा निषेध म्हणून काहींनी स्वतःची उत्तरे काढून टाकण्याचा प्रयत्न केला. ती पूर्ववत करण्यात आली आणि त्यांची खाती काही काळ निलंबित झाली. प्रतिष्ठा कितीही मोठी असो, मालकी कोणाची हे त्या दिवशी स्पष्ट झाले.

याहून निराळी व्यवस्था अशक्य नव्हती. ‘स्लॅशडॉट’ या जुन्या चर्चामंडळात मूल्यमापनाचा अधिकार नियमित वाचकांपैकी काहींना आळीपाळीने, थोड्या मुदतीपुरता मिळे. ज्या चर्चेत स्वतः बोलायचे, तिचे मूल्यमापन करता येत नसे. गुणांना कमाल मर्यादा होती, आणि लोक आकड्यांचा खेळ करू लागले तेव्हा आकडे जाऊन तेथे शब्द आले. ही व्यवस्थाही निर्दोष नव्हती, पण तिने अधिकारास जबाबदारी मानले, मिळकत मानले नाही.

अर्थात आळीपाळीने अधिकाराचा प्रश्न सुटेल, मालकीचा सुटणार नाही. त्यासाठी लिहिणाऱ्यांना व्यासपीठाच्या कारभारात आणि उत्पन्नात वाटा मिळाला पाहिजे. तोवर प्रतिष्ठेचे गुण म्हणजे मजुरीऐवजी दिलेली शाबासकीच होय.