पेट्रोल की इलेक्ट्रिक? आधी आपले किलोमीटर मोजा



गेल्या महिन्यात आमची जुनी पेट्रोल सेडान वॉरंटला नापास झाली. खालून गंज धरलेला, आणि दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीच्या जवळ गेलेला. म्हणजे दुसरी गाडी घेणं आलंच. मग काय, चार ठिकाणी विचारलं आणि आठ सल्ले मिळाले. निम्मे म्हणाले, "आता पेट्रोल कोण घेतं? डोळे झाकून इलेक्ट्रिक घे." बाकीचे म्हणाले, "वेडी आहेस का, बॅटरी गेली की गाडी भंगारात." आणि कोथरूडहून व्हिडिओ कॉलवर बाबांचा नेहमीचा प्रश्न, "अ‍ॅव्हरेज किती देते?" टाकी रिकामी झाली की चेतक तिरकी करून किक मारत घर गाठणारा माणूस तो. दुसरं काय विचारणार?

पण तोच प्रश्न बरोबर होता. म्हणून कागद-पेन घेऊन बसले. जे निघालं ते इथे लिहिते आहे, कारण तुमच्यातले बरेच जण लवकरच याच जागी असणार, आणि त्यातले काही जण "पैसे वाचतात" या एका वाक्यावर कर्ज काढतील. तेवढं करू नका.

आमचं घर अप्पर हटला, टोटारा पार्कात. मी वेलिंग्टनला ट्रेनने जाते. आपली ही लोकल १९५५ पासून विजेवर धावते आहे, तेव्हा इलेक्ट्रिक या गावाला काही नवीन नाही! नवऱ्याची लोअर हटला शिफ्ट ड्यूटी, त्या वेळांना ट्रेन नसते, म्हणून गाडी त्याच्याकडे. शाळा, क्रिकेट, वाणसामान, किलबर्नीच्या भारत भवनातले कार्यक्रम असं सगळं धरून वर्षाला १३,००० किलोमीटर होतात. हा आकडा अंदाजाने ठरवू नका. वॉरंटच्या कागदावर मीटरचं रीडिंग असतं. दोन वर्षांचे कागद शेजारी ठेवा आणि वजाबाकी करा. आमच्या डोक्यात २०,००० होते.

आता हिशेब. पेट्रोल सेडान १०० किलोमीटरला साडेसात लिटर पिते असं धरा, पेट्रोल २.६० डॉलर. (तुमच्या पंपावरचा आजचा आकडा घाला, तो रोज बदलतो.) वर्षाचे साधारण २,५३५ डॉलर. इलेक्ट्रिक सेडानला चार्जिंगमधली गळती धरून १०० किलोमीटरला १८ युनिट. रात्रीचा दर १९ सेंट धरला तर वर्षाला फक्त ४४५ डॉलर. इथपर्यंत आलं की सगळ्यांचे डोळे चमकतात, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात.

पुढे रोड युजर चार्ज आहे. १ एप्रिल २०२४ पासून इलेक्ट्रिक गाडीला दर १,००० किलोमीटरला ७६ डॉलर, आगाऊ भरायचे आणि लेबल काचेवर लावायचं. आमचे झाले ९८८. म्हणजे विजेच्या दुपटीहून जास्त तर रस्त्याचा करच! एकूण १,४३३. पेट्रोलपेक्षा वर्षाला ११०० वाचले, सर्व्हिसिंगचे दोन-तीनशे वेगळे. वाईट नाही. पण आमच्यासमोरच्या दोन वापरलेल्या गाड्यांत फरक होता १८,००० डॉलरचा: पेट्रोल १६ हजार, इलेक्ट्रिक ३४. हा फरक भरून निघायला तेरा-चौदा वर्षं लागतील. तोपर्यंत धाकटा कॉलेजातून बाहेर पडलेला असेल. आणि फरकाची रक्कम कर्जाने उचलली, तर सुरुवातीची कित्येक वर्षं बचतीपेक्षा व्याजच जास्त.

नवी गाडी घेणाऱ्यांना पूर्वी सरकारकडून सूट मिळायची, सर्वात जास्त होती तेव्हा ८,६२५ डॉलरपर्यंत. ती ३१ डिसेंबर २०२३ ला बंद झाली. म्हणून २०२२ मध्ये गाडी घेतलेल्या मित्राचा सल्ला आज जसाच्या तसा घेऊ नका. त्याने घेतली तेव्हा सूट होती आणि कर नव्हता. त्याचं गणित त्याच्यासाठी बरोबरच होतं.

हायब्रिडचं मात्र मला आश्चर्य वाटलं. साडेचार लिटरवाली हायब्रिड सेडान आमच्या किलोमीटरवर वर्षाला १,५२१ डॉलर खाते. इलेक्ट्रिकपेक्षा नव्वदेक डॉलर जास्त, बस. कारण पेट्रोलवाल्यांचा रस्त्याचा कर लिटरमध्येच असतो, जीएसटी धरून साधारण ८० सेंट. म्हणजे साधी पेट्रोल सेडान १,००० किलोमीटरला ६० डॉलर कर देते, हायब्रिड ३६, आणि इलेक्ट्रिक ७६. मला हे अजिबात पटत नाही. रस्ता सगळे सारखाच वापरतात. पुढे पेट्रोल गाड्यांनाही किलोमीटरवरच कर लावायचं सरकारने जाहीर केलं आहे. तसं झालं की हा कागद पुन्हा लिहावा लागेल. पण आज गाडी घ्यायची तर आजचे आकडे.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी आणखी एक बघा. घरी चार्जिंगची सोय नसेल आणि सगळं बाहेरच्या फास्ट चार्जरवर अवलंबून असेल, तर तिथे युनिटला ८० सेंटच्या आसपास जातात. १०० किलोमीटरला वीज साधारण साडेचौदा डॉलर, कर साडेसात, झाले बावीस. पेट्रोल सेडानला साडेएकोणीस. म्हणजे महाग गाडी घेऊन वर रोजचा खर्चही जास्त. असं असेल तर सरळ पेट्रोल किंवा हायब्रिड घ्या, आणि कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या.

मात्र ड्राइव्हवेपर्यंत पोचणारा साधा तीन पिनांचा प्लग असेल, तर भिंतीवरचा महागडा चार्जर लागतोच असं नाही. साध्या प्लगवर तासाला दहाएक किलोमीटर भरतात. रात्रभरात शंभर. अप्पर हट ते वेलिंग्टन जाऊन-येऊन सत्तरच्या आत. फक्त वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका, आणि घर भाड्याचं असेल तर घरमालकाला विचारा.

इतकं सगळं लिहून आम्ही काय घेतलं? इलेक्ट्रिक. हसू नका, सांगते.

धाकटा आठ वर्षांचा आहे आणि त्याला दमा आहे. हिवाळ्यात आपल्या खोऱ्यात सकाळी दव गोठतं, हवा खाली दबून राहते, लाकडाच्या शेगड्यांचा धूर हलत नाही. त्यात साडेआठला शाळेच्या फाटकासमोर गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या. आमचीही त्यात असायची, हीटरसाठी. घर ते शाळा तीन किलोमीटर. एवढ्या अंतरात थंड इंजिन नीट गरमच होत नाही, आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही. म्हणजे सर्वात घाणेरडा धूर आपण नेमका मुलांच्या नाकासमोर सोडतो. २०२२ मध्ये इथला हॅपिन्झ ३.० अभ्यास प्रसिद्ध झाला. २०१६ च्या आकडेवारीवरून त्यात मानवनिर्मित हवाप्रदूषणामुळे वर्षाला सुमारे ३,३०० अकाली मृत्यूंचा अंदाज दिला आहे, त्यातले दोन हजारांहून जास्त वाहनांच्या धुरामुळे. लहान मुलांच्या दम्याची तेरा हजारांहून अधिक प्रकरणंही त्यांनी या प्रदूषणाशी जोडली. यात डिझेलचा वाटा मोठा आहे, एकट्या पेट्रोल सेडानला फाशी द्यायचं कारण नाही. आणि आमच्या एका गाडीने त्याचा दमा जाणार नाही, हेही मला कळतं. पण इनहेलर दप्तरात ठेवायचा आणि फाटकात इंजिन चालू ठेवायचं, हे मला दर सकाळी टोचायचं.

त्यात इथली वीज बहुतांशी पाण्याची, वाऱ्याची आणि जमिनीतल्या उष्णतेची, ८० टक्क्यांच्या वर. कोळशावरच्या विजेने गाडी चालवून काय मिळवलं, हा पुण्यातल्या भावाचा प्रश्न तिथे ठीक आहे, इथे फारसा लागू होत नाही.

कर्ज काढलं नाही. आई-बाबांना घेऊन साउथ आयलंडला जायचं म्हणून साठवलेले पैसे यात गेले. ती सहल दोन वर्षं पुढे गेली, आणि हे बाबांना सांगताना मला जड गेलं. म्हणून म्हणते, ही बचत नाही, हा खर्च आहे. आमच्या घरी कारण होतं म्हणून केला. तुमच्याकडे असं कारण नसेल, गाडी वर्षाला सात-आठ हजार किलोमीटरच चालत असेल आणि जुनी पेट्रोल सेडान ठणठणीत असेल, तर तिची सर्व्हिसिंग करा आणि चालवत राहा.

आता नेहमीचे दोन-तीन प्रश्न. रेमुटाका चढते का? चढते. माथा ५५५ मीटरवर आहे, चढताना बॅटरीचे टक्के डोळ्यांदेखत घसरतात, आणि फेदरस्टनकडे उतरताना त्यातले बरेचसे परत येतात. आमच्या शेजारी एक आजोबा आहेत. ट्रेंटहॅमला १९६७ पासून १९९० पर्यंत जनरल मोटर्सचा कारखाना होता, तिथे ते होल्डन सेडान जोडायचे. ते म्हणाले, तुम्ही रेंज विचारता, आमच्या वेळी टेकडीवर इंजिन तापून बंद पडतं का ते विचारायचे!

भूकंपात वीज गेली तर? टोटारा पार्कवाल्यांना हा प्रश्न पडणारच. कॅलिफोर्निया ड्राइव्हच्या मधली ती रुंद हिरवळ वेलिंग्टन फॉल्टवर आहे, आणि आपल्याला बाहेर काढणारा पूल एकच. पण वीज गेली की पेट्रोल पंपही बंद. बाबा टाकी अर्ध्याखाली जाऊ देत नसत, तसं मी बॅटरी ५० टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही.

ऑकलंड सव्वासहाशे-साडेसहाशे किलोमीटर. दोनदा थांबावं लागतं. मुलं बरोबर असली की तसंही चारदा थांबतो. लाँग वीकेंडला मात्र चार्जरपाशी रांग लागते, तासभर हाताशी ठेवून निघा.

आणि एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. इलेक्ट्रिक सेडानच्या तळाशी बॅटरी असते, त्यामुळे मागची जमीन उंच आणि गुडघे वर येतात. गुडघेदुखीवाल्या सासूबाई बसून बघताना म्हणाल्या, "अगं, पाटावर बसल्यासारखं वाटतंय." तीन गाड्या पाहिल्या, चौथीत त्यांना बरं वाटलं, तीच घेतली. डिकीचं तोंडही बघा. चार मोठ्या बॅगा घेऊन विमानतळावरून माणसं आणायची असतात आपल्याला. बॅटरीची वॉरंटी साधारण आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर असते. वापरलेली घेताना त्यातली किती उरली आहे ते लेखी घ्या.

थोरली पुढच्या वर्षी १६ ची होईल आणि याच गाडीवर लर्नर्सची प्रॅक्टिस करेल. हिचा पिकअप बघून मला आत्ताच धडकी भरली आहे. त्यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल.

रविवारी दुपारी दोननंतर आम्ही घरी असतो. खोऱ्यात राहत असाल तर या, किल्ली देते, माथ्यापर्यंत चालवून बघा. आई-बाबा आलेले असतील तर त्यांना मागे बसवून न्या. परत आल्यावर चहा आहेच. आणि ज्यांच्याकडे हायब्रिड आहे त्यांनी खाली खरं अ‍ॅव्हरेज लिहा, ब्रोशरमधलं नको.