गल्ल्यातले पैसे कोणाचे?



शाळेतून परतणारे मूल घरी जाण्याआधी दुकानाची पायरी चढते आणि म्हणते, ‘‘बाबा, वहीला पैसे.’’ बाबा गिऱ्हाइकाशी बोलता बोलता गल्ला उघडतात, एक नोट काढून देतात आणि गल्ला लोटून देतात. आपल्यापैकी अनेकांचे बालपण या दृश्यात गेले आहे. माझेही गेले, वडिलांचे तालुक्याच्या गावी कापडाचे लहानसे दुकान होते. त्या नोटेची नोंद कोठे झाली, हा प्रश्न त्या वयात पडण्याचे कारण नव्हते. पुढे वाणिज्य शाखेचे शिक्षण घेतले, 36 वर्षे बँकेत काढली, शेकडो दुकानांचे ताळेबंद नजरेखालून घातले. तेव्हा ध्यानात आले, की व्यापारी घरांतील आर्थिक ओढाताणीचे मूळ पुष्कळदा त्या बिननोंदीच्या नोटेतच दडलेले असते.

नोकरदाराच्या घरी एक तारखेला पगार येतो. तो थोडा असो वा अधिक, पण आकडा घरात सर्वांना ठाऊक असतो. पंचवीस तारीख आली की ते घर न सांगता हात आखडते. व्यापाऱ्याच्या घराला एक तारीखही नसते आणि पंचवीस तारीखही नसते. दिवाळी आणि लग्नसराईत गल्ला भरभरून वाहतो, तेव्हा घरही सैल होते. आषाढ-श्रावणात दुकान ओस पडते, उधारी अडकते, पेढीवाल्याचे फोन येऊ लागतात; पण घर मात्र दिवाळीच्याच चालीने चालत राहते. कारण मंदी दुकानात आलेली असते, तिची वार्ता घरापर्यंत पोहोचलेली नसते. पुरुषांना वाटते, घरच्यांना कशाला काळजीत टाकायचे. हेतू प्रेमाचा असतो. परिणाम मात्र प्रेमाचा होत नाही.

येथे एक साधे गणित मांडतो. एका किराणा दुकानात दिवसाची विक्री 40,000 रुपये झाली असे धरू. नफ्याचे प्रमाण 6 टक्के धरले, तर त्या दिवसाचा ढोबळ नफा 2,400 रुपये. त्यातून भाडे, नोकरांचा पगार, वीज आणि व्याज मिळून 1,500 रुपये गेले, तर मालकाचे स्वतःचे असे 900 रुपये उरले. परंतु रात्री दुकान बंद करताना डोळ्यांसमोर दिसतात ते 40,000. त्यातून 2,000 रुपये घरी नेले, तर कोणालाही ते अधिक वाटणार नाहीत. प्रत्यक्षात त्यांतील 1,100 रुपये माल पुरवणाऱ्याचे आहेत. महिन्याचे 26 दिवस धरले, तर वर्षाकाठी ही रक्कम 3,43,200 रुपये होते. उधळपट्टी नाही, व्यसन नाही, नुकसानीचा एकही सौदा नाही. तरीही वर्षअखेरीस देणे साडेतीन लाखांच्या घरात वाढलेले असते, आणि ‘‘धंदा तर चांगला चालला आहे, मग पैसा जातो कोठे?’’ असे आपण परस्परांना विचारत राहतो.

जमाखर्चशास्त्राच्या पहिल्याच धड्यात शिकवतात, की धंदा वेगळा आणि मालक वेगळा. मालकाने धंद्यातून स्वतःसाठी काढलेल्या रकमेला ‘उचल’ म्हणतात आणि ती मालकाच्या भांडवलातून वजा होते. हे पाश्चात्त्य पुस्तकांतूनच शिकावे असेही नाही. माझ्या वडिलांच्या लाल वहीत ‘घरखर्च खाते’ म्हणून एक पान होते. गूळ-शेंगदाण्यासाठी नेलेला रुपयाही रात्री तेथे चढत असे. आज वही जाऊन संगणक आला, पण ते पान मात्र हरवले. दुकानातील क्यूआर कोडवर गिऱ्हाइकाचे पैसे मालकाच्या बचत खात्यात जमा होतात आणि त्याच मोबाइलमधून शाळेची फी, गॅसचे बिल, हप्ता आणि पेढीवाल्याचे देणे फेडले जाते. पूर्वी गल्ला आणि घर यांच्यामध्ये निदान रस्ता तरी होता.

आता जे सांगणार आहे, ते मी आजवर या सदरात लिहिले नव्हते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी एका बाजारपेठेच्या गावी शाखाधिकारी होतो. किराणा-भुसार मालाच्या एका प्रतिष्ठित व्यापाऱ्याने कॅश क्रेडिटची मर्यादा 4 लाखांवरून 7 लाख करून मागितली. व्यवहार स्वच्छ, माणूस शब्दाचा पक्का. वाढीव मर्यादेसाठी राहते घर तारण द्यावयाचे होते आणि ते घर पत्नीच्या नावे होते. त्यामुळे त्यांची सही मालक म्हणूनही हवी होती आणि जामीनदार म्हणूनही. एके दुपारी त्या पतीसोबत बँकेत आल्या. कागद इंग्रजीत होते. मी एकेक पान पुढे करीत गेलो आणि त्या मी दाखवलेल्या फुलीवर सही करीत गेल्या. चौथ्या-पाचव्या पानाशी थांबून त्यांनी विचारले, ‘‘साहेब, हे कशाचे आहे?’’ पती म्हणाले, ‘‘दुकानाचे आहे.’’ आणि मी म्हणालो, ‘‘नेहमीचेच कागद आहेत, वहिनी.’’

हे वाक्य खोटे नव्हते. माझ्यासाठी ते कागद नेहमीचेच होते. त्यांच्यासाठी ते त्यांचे घर होते.

अडीच वर्षांनी त्या गृहस्थांचे हृदयविकाराने अकस्मात निधन झाले. गोदामात माल मोजला, तेव्हा दरमहा बँकेत येणाऱ्या विवरणपत्रात दाखवला जात होता त्याच्या निम्माही निघाला नाही. पुढच्या थप्पीमागे मोकळी जागा होती. मी तपासणीला जात असे, चहा घेत असे आणि पुढची थप्पी पाहून परतत असे. हा दोष माझा. पैसे सट्ट्यात गेले नव्हते. मुलीचे लग्न, धाकट्या भावाच्या दुकानाला मदत, गावजेवण, घराचा वरचा मजला: सारे खर्च चारचौघांत शोभणारे होते आणि सारे त्या 7 लाखांतून झालेले होते. बँकेची नोटीस निघाली ती वहिनींच्या नावे. ती घेऊन त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, ‘‘तुम्ही तर नेहमीचेच कागद म्हणाला होता.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘दुकान इतके अडचणीत आहे हे मला कोणी सांगितले असते, तर लग्नातल्या दोन पंगती मीच कमी केल्या असत्या.’’

गोदाम विकून, दिरांनी हातभार लावून आणि मुलाने कॉलेज सोडून दुकानात बसून ते कर्ज फिटायला नऊ वर्षे लागली. घर वाचले. त्या वर्षीच्या क्षमापनेच्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो आणि ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणालो. दरवर्षी शेकडो जणांना आपण ते म्हणतो. त्या दिवशी ते उच्चारताना जीभ जड झाली. त्या म्हणाल्या, ‘‘पुढच्या बाईला वाचून दाखवा.’’

त्यांचे ते पंगतींबद्दलचे वाक्य मी अनेकदा मनात घोळवले आहे. घर उधळे असते म्हणून दुकान बुडते, असा आपल्याकडे समज आहे. माझा अनुभव निराळा आहे. ज्या घराला खरा आकडा ठाऊक असतो, ते घर बहुधा आपणहून आवरते. ज्याला तो सांगितलाच जात नाही, त्याने आवरावे तरी कशाच्या आधारावर?

म्हणून माझी पहिली सूचना: दुकानाने घराला पगार द्यावा. तो किती असावा? गेल्या तीन वर्षांचा निव्वळ नफा कागदावर मांडा. त्यातून आयकर आणि कर्जाच्या मुद्दलाचे हप्ते वजा करा. समजा 9,60,000, 6,00,000 आणि 8,40,000 असे आकडे आले. यांची सरासरी 8 लाख आहे म्हणून त्या मानाने खर्च ठरवू नका. सर्वांत वाईट वर्ष धरा. 6 लाखांना बाराने भागले की 50,000 येतात. घराचा महिना त्याच्या आत बसवा आणि ती रक्कम एक तारखेला दुकानाच्या चालू खात्यातून पत्नीच्या किंवा दोघांच्या संयुक्त बचत खात्यात पाठवा. त्यानंतर गल्ल्याला हात लावायचा नाही. मुलाच्या वहीसाठीही नाही. चांगल्या वर्षी जे अधिक उरेल त्याचे तीन भाग करा: एक घराच्या सहा महिन्यांच्या खर्चाइतकी गंगाजळी होईपर्यंत बाजूला, एक धंद्याच्या भांडवलात, एक लग्न, शिक्षण आणि यात्रा यांसाठी. श्रावकाच्या पाचव्या अणुव्रताला ‘परिग्रह-परिमाण’ म्हटले आहे. परिमाण म्हणजे आधी ठरवलेली मर्यादा. खर्च झाल्यावर केलेल्या हिशेबाला परिमाण म्हणत नाहीत.

दुसरी सूचना गंगाजळीच्या जागेविषयी. ओळखीच्या पतसंस्थेत अर्धा-एक टक्का व्याज अधिक मिळते म्हणून सारी रक्कम तेथे ठेवण्याचा मोह टाळा. बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, व्याजासह 5 लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. फेब्रुवारी 2020 पूर्वी ही मर्यादा 1 लाख होती. सहकारी बँका या योजनेत येतात. पतसंस्था येत नाहीत.

तिसरी सूचना घराभोवतीच्या कुंपणाची. एकल मालकीच्या धंद्यात कायद्याच्या दृष्टीने दुकानाचे देणे हे मालकाचे वैयक्तिक देणे असते. ते दुकानाच्या उंबऱ्याशी थांबत नाही. अशा व्यापाऱ्याने आयुर्विमा घेताना विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा, 1874 याच्या कलम 6 खाली पत्नी व मुलांच्या लाभासाठी घ्यावा. सावकारांना फसवण्याच्या हेतूने घेतलेला नसेल, तर त्या विम्याच्या रकमेवर पतीच्या सावकारांचा हक्क पोहोचत नाही. हे प्रस्ताव भरतानाच लिहून द्यावे लागते. जुन्या विम्याला मागाहून जोडता येत नाही. त्याचप्रमाणे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीतील शिल्लक खातेदाराच्या कर्जापोटी न्यायालयाच्या हुकमाने जप्त होत नाही. वर्षाला दीड लाखापर्यंतची ही शांत बचत व्यापाऱ्याच्या फार उपयोगाची आहे. नामनिर्देशनही एकदा तपासून पाहा. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँकेच्या ठेव खात्यावर चार व्यक्तींपर्यंत नावे देता येतात. अनेक चालू खात्यांवर आजही दिवंगत वडिलांचेच नाव असते.

चौथी सूचना भगिनींसाठी. जामिनाची सही ही साक्षीदाराची सही नव्हे. भारतीय करार कायदा, 1872 याच्या कलम 128 प्रमाणे, करारात निराळे ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: कर्ज किती? तारण काय? कर्ज फिटले नाही तर माझे काय जाईल? हे विचारण्यात अविश्वास नाही. ज्या पतीला उत्तरे देता येतात, त्याला या प्रश्नांचा राग येत नाही; आणि ज्याला येत नाहीत, त्याला या प्रश्नांची सर्वाधिक गरज आहे.

या वर्षी वहीपूजनाच्या रात्री घरातल्या मोठ्यांनी एवढेच करावे. पूजा आटोपल्यावर घरच्यांना पाच मिनिटे बसवून ठेवावे आणि तीन आकडे मोठ्याने वाचावेत: येणे, देणे आणि घराचा ठरलेला महिना. पहिल्या वर्षी संकोच वाटेल. मुलांना अर्धेच कळेल. तरीही वाचावेत.

गेल्या महिन्यात त्या वहिनी माझ्याकडे आल्या होत्या. आता त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. नातू नवे दुकान थाटतो आहे आणि बँकेने पुन्हा त्यांच्याच घराचे तारण मागितले आहे. कागदांची पिशवी टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, ‘‘आधी वाचून दाखवा. सगळे.’’ दीड तास लागला. नातू मधूनमधून घड्याळाकडे पाहत होता. जामिनाच्या कलमापाशी त्यांनी मला थांबवले. ‘‘यात रक्कम लिहिलेली नाही,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मी किती रुपयांपर्यंत बांधील, तो आकडा घालून आणायला सांगा.’’

मग त्यांनी पेनाला टोपण लावले आणि कागद नातवाच्या हाती परत दिले.