दंड गाडीवर, डाग ड्रायव्हरच्या लायसनवर



कापूस घरात आला की गाडीची शोधाशोध सुरू होते. जऊळक्याला रेल्वेचे स्टेशन आहे, पण आपला कापूस रेल्वेने जात नाही. तो ट्रकने नाही तर मेटॅडोरने जातो, मालेगावकडे किंवा शेलूबाजारकडे. आणि गाडी हाकणारा कोण असतो? बहुतेक वेळा आपल्यासारख्याच कोरडवाहू घरातला पोरगा, ज्याचे चार एकरांत भागले नाही. तेव्हा रस्त्यावरची तपासणी हा ट्रकवाल्यांचा प्रश्न आहे, आपला नाही, असे कोणी म्हणू नये.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. जादा वजनाला पूर्वी २,००० रुपये दंड होता आणि वरच्या प्रत्येक टनामागे १,०००. २०१९ च्या दुरुस्तीने तो २०,००० झाला, टनामागे २,०००. म्हणजे तीन टन जादा निघाले तर २६,००० रुपये, आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा. गाडी थांबवली नाही किंवा वजन करू दिले नाही तर ४०,०००. याच दुरुस्तीत आणखी एक कलम घुसले आहे, ते कापूसवाल्यांनी नीट वाचावे. माल गाडीच्या बाजूने, मागेपुढे किंवा उंचीला ठरलेल्या मापाबाहेर गेला तरी २०,०००. सुटा कापूस वजनाला हलका आणि आकाराला अवाढव्य. काट्यावर गाडी कमी भरते, पण दोन्ही फाळक्यांवरून पोट बाहेर आलेले असते. ज्वारीच्या कडब्याचे तेच. लोखंड-सिमेंटवाल्याला वजनाची भीती, आपल्याला मापाची.

पैशाचा दंड एकदा भरला की संपतो. लायसनचे तसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितले की मालगाडीत जादा भार, मालगाडीत माणसे, दारू, मोबाईल, लाल दिवा तोडणे आणि अतिवेग या गुन्ह्यांना ड्रायव्हरचे लायसन किमान तीन महिने निलंबित करावे. यातल्या दारू-मोबाईलबद्दल आमचे काही म्हणणे नाही. वेचणीच्या बाया भरलेल्या गाडीवर बसवून नेऊ नयेत, हेही खरे. उलटलेल्या गाडीखाली मजूरच सापडतात. पण जादा भार ड्रायव्हर भरतो का? भाडे फेऱ्यावर ठरते, म्हणून ज्याचा माल तो ठासून भरतो, व्यापारी असो की शेतकरी. मालक म्हणतो, चल. पोरगा नाही म्हणाला तर उद्या दुसरा ड्रायव्हर. दंडाच्या कलमात 'चालवणारा' आणि 'चालवू देणारा' दोघेही आहेत. लायसन मात्र एकट्या चालवणाऱ्याकडे असते, तीन महिने तोच बसतो, आणि ते नेमके हंगामाचे तीन महिने असतात.

ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांनी हा डाग पक्का केला. रद्द किंवा निलंबित झालेल्या लायसनची नोंद सरकारी पोर्टलवर तारीखवार राहते आणि ड्रायव्हरच्या वागणुकीवर नजर ठेवली जाते. पण त्याच नियमांत आपल्या फायद्याच्या दोन गोष्टी आहेत, त्या कोणी सांगत नाही. एक, कागद डिजीलॉकर किंवा एमपरिवहनवर तपासता आले तर छापील कागद मागता येत नाही. दुसरी, तपासणी झाली की तारीख, वेळ आणि तपासणाऱ्याची ओळख पोर्टलवर नोंदवायची, म्हणजे तीच गाडी पुढच्या वळणावर पुन्हा अडवायला नको. ही दुसरी तरतूद सगळीकडे काटेकोर पाळली गेली तर निम्मी कटकट मिटेल.

अमेरिकेत २०१० पासून रस्त्यावरच्या तपासणीतील प्रत्येक दोष वाहतूक कंपनीच्या खात्यावर चढतो आणि दोन वर्षे मोजला जातो. ड्रायव्हरच्या नावावर तपासणीची तीन वर्षांची आणि अपघाताची पाच वर्षांची नोंद राहते. त्याची संमती घेऊन नवा मालक ती पाहू शकतो. तिथेही तक्रारी आहेतच. पण मालकाचा हिशेब तिथे मांडला जातो, निर्दोष तपासणीही जमेला धरली जाते आणि चुकीच्या नोंदीवर हरकत घेण्याची वाट आहे. आपल्याकडे वीस वर्षे सरळ गाडी चालवणाऱ्याच्या नावावर जमेची एक ओळ नसते.

१९७१ च्या कायद्याने एकाधिकार खरेदी आली तेव्हा स्वतःचा कापूस राज्याबाहेर नेणारा नाक्यावर चोर ठरत होता. ते दिवस गेले. गाडी अडली की मान खाली घालायची सवय मात्र राहिली आहे. ती सोडायची तर आधी कलमे माहीत हवीत. जादा वजन नजरेच्या अंदाजाने ठरत नाही. अधिकाऱ्याला संशय आला तर तो गाडी काट्यावर न्यायला सांगू शकतो. काटा पुढच्या मार्गापासून दहा किलोमीटरच्या किंवा मुक्कामाच्या ठिकाणापासून वीस किलोमीटरच्या आत हवा. माल उतरवण्याचा हुकूम लेखी हवा. लायसन निलंबित करण्याआधी ड्रायव्हरचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते आणि हुकूम हाती पडल्यापासून तीस दिवसांत अपील करता येते. हे तीस दिवस बहुतेक पोरे मालकाच्या दारात हेलपाटे घालण्यात घालवतात.

आमची मागणी एवढीच की जादा भाराच्या प्रत्येक चलनावर माल कोणाचा आणि गाडी कोणाची हे लिहिले जावे, आणि 'चालवू देणाऱ्या'वरही तेच कलम लागावे. बाजार समिती आणि जिनिंगच्या काट्यावर कापसाची प्रत्येक गाडी तोलली जाते, तिथल्या पावतीवर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे वजन असतेच. ती पावती ड्रायव्हरलाही द्यावी. जिल्हा बैठकीला येताना गावातल्या ड्रायव्हर पोरांना सोबत आणा आणि त्यांच्याकडच्या चलनांच्या प्रती गोळा करून आणा. परिवहन कार्यालयाला द्यायच्या निवेदनाला त्या जोडायच्या आहेत.