सातबारा नाहीं, म्हणून जिवाला मोल नाहीं काय?

शेतांत वीज पडून, साप चावून, विषारी औषध अंगांत भिनून किंवा यंत्रांत सांपडून शेतकरी मेला, तर महाराष्ट्र सरकार त्याच्या वारसांस दोन लाख रुपये देतें. २००५-०६ सालीं ही योजना विम्याच्या रूपानें निघाली. विमा कंपन्या कागदांचीं खुसपटें काढून दावे फेटाळूं लागल्या, म्हणून २०२३ सालीं त्यांस मधून काढून रक्कम थेट अनुदान म्हणून देण्याचें ठरलें. हें सरकारनें चांगलें केलें, तें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों. पण हें अनुदान कोणास? सातबारावर नांव असलेल्या खातेदारास व त्याच्या घरांतील एका माणसास. ज्याच्या पाठीवर पंप असतो, तो रोजंदार यांत कोठेंच नाहीं.

यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ च्या पावसाळ्यांत काय झालें, हें आमचे वाचक विसरले नसतील. त्या सालीं पऱ्हाटी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती, आणि अळी हटेना म्हणून दोन-दोन तीन-तीन औषधें एकत्र कालवून, जोरानें तुषार उडविणाऱ्या पंपांनीं फवारणी चालू होती. तोंडास फार तर एखादा रुमाल, पायांत कांहीं नाहीं, आणि अंगावरचा सदरा विषानें भिजून कातडीस चिकटलेला. वीसांहून अधिक माणसें मेलीं, शेंकडों दवाखान्यांत पडलीं. त्यांत मजूर पुष्कळ होते. मोठी ओरड झाली तेव्हां सरकारनें मृतांच्या वारसांस प्रत्येकीं दोन लाख जाहीर केले, पांच औषधांची विक्री कांहीं दिवस बंद केली, चौकशी नेमली. ओरड झाली नसती तर?

कायदा नाहीं असें मात्र कोणीं म्हणूं नये. कीटकनाशकांचे नियम १९७१ सालचे आहेत. फवारणाऱ्यास हातमोजे, बूट, अंगभर कपडे पाहिजेत, विषावरचा उतारा जवळ पाहिजे, औषध करणाऱ्या व विकणाऱ्या कंपन्यांनीं शिक्षण दिलें पाहिजे, असें त्यांत स्वच्छ लिहिलें आहे. अर्ध्या शतकाहून अधिक काळ हे नियम पुस्तकांत सुखरूप आहेत! मळणीयंत्रांत हात जाऊं नयेत म्हणून १९८३ सालीं निराळा कायदा झाला, त्याचीहि तीच गत. फवारणीच्या मजुराचें नांव १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या यादींतहि पुढें घालण्यांत आलें. पण ती भरपाई द्यावयाची मालकानें. आणि हा मालक म्हणजे दोन-चार एकरांचा कर्जबाजारी कुणबी. तो काय देणार? बुडत्याच्या गळ्यांत दुसरा बुडता बांधण्याचाच हा प्रकार. विष विकून नफा करणारा मात्र कांठावर कोरडा उभा.

पैसा नाहीं, हें तर आम्हांस पटतच नाहीं. फवारणीच्या ड्रोनांसाठीं केंद्र सरकारनें २०२३ सालीं १,२६१ कोटींची योजना मंजूर केली. पंधरा हजार महिला बचतगटांस किंमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाखांपर्यंत, मदत. आमच्या भगिनींच्या हातीं नवें यंत्र येतें याचा आम्हांस आनंदच आहे. मजुराच्या पाठीवरचा पंप उतरला तर दुधांत साखर. पण आकाशांतून फवारणी होईल तेव्हां होईल, तोंवर वावरांत उतरणाऱ्यास एक जोडी हातमोजे देण्यास कोणता खजिना रिता होतो?

आमची मागणी थोडक्यांत अशी. अपघात अनुदानांत शेतमजूर व कुळानें कसणारा यांस घ्यावें, व पुरावा म्हणून सातबाराऐवजीं गांवपंचनामा मानावा. औषधाच्या प्रत्येक डब्याबरोबर मोजे व तोंडपट्टी कंपनीच्या खर्चानें देण्याची सक्ती करावी. डब्यावरील तांबड्या त्रिकोणाचा अर्थ अक्षरशत्रू मजुरास कृषिसहाय्यकानें बांधावर जाऊन सांगावा. आणि कापूस पिकणाऱ्या प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यांत विषबाधा ओळखण्याची रक्ततपासणी व उताऱ्याचीं औषधें पेरणीपूर्वीं भरून ठेवावीं. विदर्भांतील आमदारांपैकीं किती जण येत्या अधिवेशनांत हा प्रश्न विचारतात, त्यांचीं नांवें आम्ही याच जागीं छापूं.