डाळीवाचून ज्वारी अर्धी



वरवंडच्या बाजूला शाळूच्या जोडीने कोंबड्यांची शेड दिसणे आता नवलाचे नाही. खाद्याचे भाव चढले की कुणीतरी हिशेब मांडतो: ज्वारी घरची आहे, पेंड विकतची, पेंड कमी करू, ज्वारी वाढवू. थोड्याच दिवसांत अंडी घटतात, कोंबड्या खाद्य उधळतात, एकमेकींची पिसे उपटतात. मग रोगाचा संशय आणि औषधाचे बिल. गर्दी आणि जादा उजेड हीही पिसे उपटण्याची कारणे असतात; पण आमचे म्हणणे, आधी खाद्य तपासा.

प्रथिने म्हणजे सुमारे वीस ॲमिनो आम्लांची गुंफण. त्यातली काही शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती खाण्यातूनच यावी लागतात. ज्वारीत लायसीन कमी. दावणीला दहा बैल आहेत पण जू एकच, तर औत एकच चालते. बाकीचे आठ बैल कडबा खात उभे. लायसीन तुटले की बाकीची आम्ले तशीच वाया जातात. तूट थोडी असली तर कोंबडी जास्त खाऊन ती भरू पाहते. तूट मोठी झाली की खाणेच टाकते.

हे तिला कळते कसे? उत्तर मेंदूत आहे. अमेरिकेत उंदरांवर प्रयोग झाले. खाद्यात एक आवश्यक आम्ल नसले, तर उंदीर अर्ध्या तासाच्या आसपास खाणे कमी करतो. मेंदूच्या पुढच्या भागातल्या एका छोट्या पट्ट्याला इजा केली, तर तेच अपुरे खाद्य तो खात राहतो. ही यंत्रणा नेमकी कशी चालते यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. ट्रिप्टोफॅन हे असेच आणखी एक आवश्यक आम्ल. त्यापासून मेंदूत सेरोटोनिन नावाचे द्रव्य बनते आणि त्यावर स्वभावाची शांतता बरीच अवलंबून असते. खाद्यात ट्रिप्टोफॅन वाढवल्यावर कोंबड्यांचे पिसे टोचणे कमी झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे.

आता माणसाकडे येऊ. ज्वारीवरच पोट असलेल्या दख्खनच्या गरीब मजुरांत पेलाग्रा व्हायचा: कातडी काळवंडते, हगवण लागते, शेवटी डोके भ्रमते. 1960 साली हैदराबादच्या डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी मांडले की ज्वारीतल्या जादा ल्युसीनमुळे ट्रिप्टोफॅनपासून नायसिन हे जीवनसत्त्व बनण्यात बिघाड होतो. ल्युसीनचा वाटा किती यावर पुढे वाद झाला. पण नुसत्या ज्वारीवर शरीर आणि डोके दोन्ही खचतात, हे रोग्यांनी अंगावर भोगले. उंदीर अपुरे खाद्य नाकारतो. मजुराच्या घरात नाकारायला दुसरे ताट नसते.

यात ज्वारीचा दोष नाही. ज्वारीत लायसीन कमी, तूर-हरभऱ्यात भरपूर. डाळीत मेथिओनीन कमी, ते ज्वारी बऱ्यापैकी भरून काढते. भाकरीवर वरण घेणारी आजी कॉलेजात गेली नव्हती, पण तिचे गणित बरोबर होते. कपाशीत तुरीचे तास टाकणाऱ्या आजोबांचेही.

ते तास कमी का झाले? 2006 साली सरकारने डाळींच्या निर्यातीवर बंदी घातली. थोडे अपवाद सोडले तर ती 2017 पर्यंत टिकली. 2021 च्या मे महिन्यात तूर, उडीद, मूग यांची आयात खुली केली. 2023 च्या जूनमध्ये तूर-उडदाच्या साठ्यावर मर्यादा आली. भाव चढू लागला की सरकारचा हात आडवा येतो, मग शेतकरी तूर पेरील कशाला? गरिबाच्या ताटासाठी म्हणून डाळ पाडायची, आणि डाळ पिकवणाऱ्याच्याच ताटातून ती घालवायची, हा उलटा कारभार आहे.

तेव्हा बैठकीहून घरी जाल तेव्हा एवढे करा. पोत्यावरचा प्रथिनाचा टक्का पाहून थांबू नका. लायसीन आणि मेथिओनीन किती, हे दुकानदाराला विचारा. सरकी पेंड गाई-म्हशींना घाला, कारण त्यांच्या पोटातले जिवाणू स्वतः आम्ले बनवतात. कोंबड्यांना ती घालू नका. सरकीतले गॉसिपॉल लायसीन अडवून धरते. आणि रानात डाळीचे चार तास घरासाठी तरी राखा. बाजारासाठी राखायचे तर भावाची लढाई आहेच. ती आपण मिळून लढू.