भाड्यात लाईट-पाणी धरून

जालन्यात भाड्याने खोली बघायला गेले की भाड्याच्या आकड्यानंतर दुसरा प्रश्न ठरलेला असतो : लाईट-पाणी धरून की वेगळे? 'धरून' म्हटले की विचारणाऱ्याचा चेहरा खुलतो. एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यांत कामाला आलेली परप्रांतीय मुले, परतूर-मंठ्याहून शिकायला आलेले विद्यार्थी, कदीम जालन्यातली छोटी कुटुंबे यांना अशीच खोली परवडते.

पुढे खोलीत एकेक वस्तू वाढत जाते. पाणी तापवायचा रॉड येतो, कूलर रात्रंदिवस फिरू लागतो, हल्ली व्हरांड्यातल्या प्लगला बॅटरीवरची स्कूटरही लागते. कुणी विचारलेच तर उत्तर तयार असते : भाडे देतो ना, फुकट थोडेच राहतो!

जरा हिशेब करून बघू. दीड हजार वॉटचा रॉड रोज अर्धा तास चालला तर महिन्याला 22 युनिट जातात. दोनशे वॉटचा कूलर रोज 12 तास, म्हणजे 72 युनिट. स्कूटर एकदा पूर्ण चार्ज व्हायला 3 युनिट धरले आणि दिवसाआड लावली, तर आणखी 45. झाले 139. महावितरणचा घरगुती दर 100 युनिटनंतर चढतो आणि 300 नंतर पुन्हा चढतो. मालकाचा मीटर आधी 180 वर थांबत असेल तर आता तो 300 ओलांडतो, आणि वरचे युनिट सगळ्यात महाग पडतात. ज्याने दोन खोल्या बांधून म्हातारपणाची सोय केली, त्या निवृत्त माणसाला हा फरक जाणवतो.

पाण्याचे तर विचारूच नका. घाणेवाडीचा तलाव आहे, जायकवाडीची पाइपलाइन आहे, तरी नळ आठवड्याने किंवा त्याहून उशिरा येतो हे आपण सगळे जाणतो. 2012-13 चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना टँकरमागची धावपळ सांगायला नको. टाकी संपली की टँकर मालक मागवतो, पैसे तोच देतो. आणि वरच्या मजल्यावर कुणी पाइप लावून गाडी धूत असतो.

हा विषय रमजानच्या पानावर कशासाठी, असे वाटेल. रोजा ही अशी इबादत आहे की जिचा साक्षीदार कुणी नसतो. भर दुपारी न्हाणीघराचे दार लावून दोन घोट पाणी प्यायले तर कुणाला कळणार? तरीही रोजेदार पीत नाही, कारण बघणारा बघतो आहे यावर त्याचा विश्वास असतो. मग तोच माणूस जिन्यात मालकाची चाहूल लागली की रॉडचा प्लग का काढतो? स्वतःच्या घशाखाली पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही आणि दुसऱ्याच्या टाकीतले पाणी वाहू द्यायचे, हे मला तरी जुळत नाही.

'भाड्यात धरून' याचा अर्थ साध्या संसाराला लागेल तेवढे. पंखा, दिवे, मोबाईल, सहरीचा स्वयंपाक, वजूचे पाणी यात कुणी संकोच करू नये. रमजानमध्ये रात्री दिवा जास्त वेळ जळतो, हेही मालकाला ठाऊक असते. वाहत्या नदीकाठी बसूनही वजूला पाणी उधळू नका, अशी हदीस आहे, आणि पैगंबरसाहेबांचा वजू लिटरभर पाण्याच्या आतच होत असे. खलिफा उमर बिन अब्दुल अझीझ (कारकीर्द 717 ते 720) यांची गोष्ट तर मौलाना नेहमी सांगतात. सरकारी काम संपून घरगुती बोलणे निघाले की ते बैतुलमालच्या तेलाचा दिवा विझवून स्वतःच्या तेलाचा लावत. तेल किती जळले असते? चार थेंब.

सध्या ईदच्या शिलाईची घाई आहे. एका खोलीत तीन मशीन, इस्त्री, पहाटेपर्यंत काम, आणि लाईट 'धरून'. हा संसार नाही, धंदा आहे. घरगुती मीटरवर मर्यादेपलीकडे धंदा चालला तर वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते आणि नोटीस मालकाच्या नावावर येते. दंड त्याला, कमाई आपल्याला!

मुसलमानाला खोली मिळताना काय काय ऐकावे लागते ते मी जाणतो. एकाच्या वागण्यावरून साऱ्या समाजाला नाही म्हणणे हा अन्यायच आहे. पण याच शहरात सहरीआधी भाडेकरूसाठी पहाटे उठून मोटर लावणारे हिंदू मालकही आहेत. त्यांच्या मीटरशी बेइमानी केली तर ती जास्त बोचते.

उलट बाजूही आहे. काही मालक सबमीटर बसवतात आणि महावितरणपेक्षा चढा दर लावतात, वर जिन्यातला दिवा आणि मोटरही भाडेकरूच्याच माथी मारतात. माप मारणाऱ्यांवर कुरआनात एक स्वतंत्र सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. विजेचे मापही मापच.

माणसाचा बुडवलेला हक्क जकात-फितरा देऊन फिटत नाही, तो त्या माणसाकडूनच माफ करून घ्यावा लागतो, असे उलमा सांगतात. म्हणून स्कूटर घेतली असेल तर ईदआधी मालकाकडे जावे : "काका, गाडी चार्जिंगला लावतो, दोनशे-तीनशे वाढवून घ्या." ते "राहू द्या" म्हणाले तर ती वीज खरोखर आपली झाली. वाढवून मागितले तर बिल बघून द्यावे. मालकांनीही आकडा तोंडी सांगू नये. बिलाचा फोटो व्हॉट्सअपवर टाकायला काही पैसे पडत नाहीत.