सीमोल्लंघन कोणत्या सीमेचे?

विजयादशमीला अमरावतीत अंबादेवी व एकवीरादेवी यांच्या पालख्या सीमोल्लंघनास निघतात. शमीचे पूजन होते, आपट्याचे सोने वाटले जाते आणि उत्सव पार पडला असे समजून भाविक घरी परततात. परंतु ओलांडायची ती सीमा केवळ गावाची होती काय?

नवरात्राचा पूजाविधीच याचे उत्तर देतो. घट कुंभाराच्या चाकावरचा, त्याभोवतीची माती शेतकऱ्याच्या वावरातली, वरची माळ माळ्याच्या मळ्यातली. खंडेनवमीला तलवारीशेजारी नांगर, रंधा, हातोडा आणि लेखणी पूजेला मांडतात. सर्व देवांचे तेज एकवटले तेव्हा महिषासुरमर्दिनी प्रकटली, असे देवीमाहात्म्य सांगते. एकवटलेली शक्ती हाच या उत्सवाचा गाभा आहे. मग ज्या समाजाने अशी पूजा रचली, त्यानेच आपल्या बांधवांना उंबऱ्याबाहेर ठेवावे, हा देवीचाच अवमान नव्हे काय?

हा प्रश्न १९२७ मध्ये अंबादेवीच्याच दारी उभा राहिला. अस्पृश्य मानलेल्यांना मंदिर खुले व्हावे, यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख पुढे आले. त्या वर्षी नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत परिषद भरली. मागणी होती ती केवळ आईच्या दर्शनाची; तीसाठीही सत्याग्रहाची सिद्धता करावी लागली. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, दसऱ्याच्याच दिवशी, बाबासाहेबांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. जे सीमोल्लंघन हिंदू समाजाने करायचे होते, ते त्याने केले नाही. ही खंत प्रत्येक दसऱ्याला बोचली पाहिजे.

‘आता मंदिरे सर्वांना खुली आहेत,’ असे कोणी म्हणेल. १९५० मध्ये अंमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, हे खरेच. परंतु कायदा दार उघडतो, मन नव्हे. अमरावती-अकोल्याच्या मंडळांनी स्वतःलाच विचारावे : पूजेचा यजमान दरवर्षी कोणत्या घरातला? पालखीला खांदा कोणाचा? अष्टमीला ज्यांचे पाय धुतले जातात, त्या कुमारिका कोणत्या वस्तीतल्या? उत्तरे संकोचाची असतील, तर रोषणाई कितीही लखलखीत असो, नवरात्र अंधारातच गेले.

शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन याच वऱ्हाडाला माणसातला देव दाखवला. ती शिकवण स्मरत असेल, तर या दसऱ्याला आपट्याचे पान आधी त्या दारी न्यावे, जिथे ते आजवर कोणी नेले नाही. खरे सीमोल्लंघन तेच!